बिनतिकिटाची पत्रं

माझ्याकडे १९१४ सालचं एक आण्याचं टपाल तिकीट आहे. लालसर रंग, पंचम जॉर्जचा दाढीवाला चेहरा, डोक्यावर मुकुट. असं तिकीट तेव्हा हिंदुस्थानातल्या कुठल्याही पोस्टात मिळायचं. माझ्या तिकिटाचा फरक एवढाच, की मूळ छपाई झाल्यावर त्यावर काळ्या शाईत आणखी तीन अक्षरं उमटवली आहेत: आय. ई. एफ. म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स. पहिल्या महायुद्धात समुद्रापार लढायला पाठवलेली हिंदी फौज.

ऑनलाइन मागवलं, दोन पिझ्झांपेक्षा स्वस्त पडलं. तिकीट गोळा करणाऱ्यांच्या जगात याला फार भाव नाही, कारण ही तिकिटं भरपूर शिल्लक आहेत. मला पडलेला प्रश्न वेगळा होता. ही तिकिटं नेमकी कुणी चिकटवली? आणि ज्यांच्या नावाने ती छापली, त्या शिपायांची पत्रं कुठे गेली?

आधी त्या तीन अक्षरांचं कारण सांगतो. तुम्ही कधी दुसऱ्या देशातून स्वस्तात गेम विकत घेऊन तो इथे चालवायचा प्रयत्न केला असेल, तर 'रीजन लॉक' हा प्रकार तुम्हाला ठाऊक असेल. जिथे विकत घेतलं तिथेच चालेल, बाहेर नाही. तिकिटावरची ही जादा छपाई, म्हणजे ओव्हरप्रिंट, साधारण तेच काम करते.

गोष्ट १९०० सालची. चीनमध्ये बॉक्सर बंड पेटलं, पेकिंगमधल्या परदेशी वकिलातींना वेढा पडला आणि आठ देशांच्या फौजा तिकडे निघाल्या. त्यात ब्रिटिशांनी पाठवलेल्या फौजेचा मोठा भाग हिंदुस्थानातला होता. हिंदी फौज कुठेही गेली की तिच्यामागे तंबू, खेचरं, भटारखाना आणि टपालखातं जायचं. लढाईच्या जागी उभारलेल्या पोस्टाला फील्ड पोस्ट ऑफिस म्हणत. तिथे विकायची तिकिटं हिंदुस्थानातलीच, किंमत आण्यांत. पण चीनमध्ये चलनं भलतीच, त्यांचे दर रोज वरखाली. तिथल्या घसरलेल्या पैशात तिकिटं घ्यायची आणि ती हिंदुस्थानात आणून पूर्ण किमतीला खपवायची, असा धंदा कुणी सुरू करू नये म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या तिकिटांवर 'सी. ई. एफ.' छापलं गेलं. चायना एक्स्पिडिशनरी फोर्स. हे तिकीट फक्त त्या मोहिमेच्या टपालाला चालेल, बास.

ही तात्पुरती सोय होती. आमच्या धंद्यात तात्पुरत्या सोयीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. 'पुढच्या आठवड्यात नीट करू' म्हणून टाकलेला कोड पाच वर्षांनी अजून चालूच असतो. सी. ई. एफ.ची तिकिटं १९२३ पर्यंत चालली. व्हिक्टोरिया गेली, एडवर्ड आला आणि गेला, जॉर्ज आला, तिघांच्याही तोंडावर तीच तीन अक्षरं उमटत राहिली. बॉक्सर बंड कधीच संपलं होतं.

त्यामुळे १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा टपालखात्याला नवीन काही शोधावं लागलं नाही. सप्टेंबरमध्ये पंचम जॉर्जच्या तीन पैपासून एक रुपयापर्यंतच्या दहा किमतींच्या तिकिटांवर आय. ई. एफ. छापून झालं. घाई इतकी, की काही तिकिटांवर शेवटच्या 'एफ'पुढचा टिंब उमटलाच नाही. आज त्या न उमटलेल्या टिंबाचे जास्त पैसे पडतात.

फौजांनाही अक्षरं होती. फोर्स 'ए' फ्रान्सला, 'बी' आणि 'सी' पूर्व आफ्रिकेला, 'डी' मेसोपोटेमियाला, 'ई' आणि 'एफ' इजिप्तला, 'जी' गॅलिपोलीला. सिनेमे आणि पुस्तकं बहुतेक फ्रान्सच्या खंदकांवर निघाली. मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचं अक्षर 'डी'. कारण मराठा पलटणींचा मोठा भाग आजच्या इराकमध्ये, टायग्रिस आणि युफ्रेटिसच्या चिखलात लढला.

६ नोव्हेंबर १९१४ ला फोर्स डी फाओ इथे उतरली, म्हणजे इराणच्या आखाताच्या अगदी टोकाला. सोबत सहावी (पुणे) डिव्हिजन. तिच्यात ११७ वी मराठा, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि मग १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री या पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतले शेतकरी. साध्या शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. २२ नोव्हेंबरला बसरा पडलं.

इथे एक गंमत आहे. बसऱ्यात हिंदी टपाल नवीन नव्हतं. १८६८ पासून बसरा आणि बगदादमध्ये हिंदुस्थानी पोस्ट ऑफिसं चालत होती, तुर्की सुलतानाच्या राज्यात, हिंदुस्थानची तिकिटं विकत. मुंबईहून आगबोट निघायची, कराची, मस्कत, बुशहर करत बसऱ्याला पोचायची. तुर्कस्थानबरोबर युद्ध पेटायच्या महिनाभर आधीच ही पोस्टं बंद झाली. मग दोन महिन्यांच्या आत तेच टपालखातं त्याच शहरात बंदुका घेतलेल्या फौजेसोबत परत आलं. आगबोटीचा रस्ता तोच. मुंबईच्या गोदीतून पिशव्या चढायच्या, बसऱ्याच्या बेस पोस्ट ऑफिसात त्यांची फोड व्हायची, तिथून नदीतल्या बोटींवर आणि पुढे खेचरांवर किंवा गाड्यांवर, पलटण असेल तिथे. पलटण रोज हलते, पत्त्यावर गाव नसतं. म्हणून पत्ता म्हणजे शिपायाचा नंबर, नाव, पलटण, आणि 'फोर्स डी'. एवढ्यावर कोकणातल्या एखाद्या वाडीतून निघालेलं पाव आण्याचं कार्ड अमाऱ्याजवळच्या तंबूत पोचायचं. आज पिनकोड, मोबाइल नंबर आणि लाइव्ह लोकेशन देऊनही माझं पार्सल शेजारच्या बिल्डिंगीत जातं, ते सोडा.

आता मूळ प्रश्न. तिकीट कुणी चिकटवलं?

लढाईवर असलेल्या शिपायाला पत्र पाठवायला पैसे पडत नव्हते. सरकारने टपाल माफ केलं होतं. लिफाफ्याच्या कोपऱ्यात 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' असं लिहायचं, तिकिटाची जागा रिकामी सोडायची, वर फील्ड पोस्टाचा गोल शिक्का आणि सेन्सॉरचा शिक्का पडायचा, पत्र निघालं. आय. ई. एफ.ची तिकिटं लागायची ती रजिस्टर पत्रांना, पार्सलांना. शिवाय ताब्यात आलेल्या शहरांत तिथले व्यापारी आणि रहिवासीही याच पोस्टांतून टपाल पाठवू लागले, त्यांना तिकीट सुटलेलं नव्हतं. म्हणजे ज्या तिकिटावर फौजेचं नाव आहे, ते फौजेतल्या सगळ्यात खालच्या माणसाने सहसा वापरलेलंच नाही. रजिस्टर पाकिटं आणि पार्सलं जास्त करून अधिकाऱ्यांची, कचेऱ्यांची, व्यापाऱ्यांची. शिपायाचं पत्र बिनतिकिटाचं.

आणि तिकिटाच्या छंदाचा कणा काय, तर तिकीट. लिफाफ्याचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटं करून वहीत लावायचं. शंभर वर्षं जगभरातल्या मुलांनी हेच केलं. ज्या लिफाफ्यावर तिकीटच नाही त्याच्या वाट्याला वहीही आली नाही. कागद म्हणून तो घरात राहिला तर राहिला. कौलातून गळणारं पाणी, वाळवी, दिवाळीची साफसफाई, भाऊबंदकीत वाटलेलं घर. आपल्याकडच्या जुन्या कागदांचा शेवट कसा होतो हे मी सांगायला नको.

बरं, पत्र लिहायचं कोण? बरेच शिपाई लिहू शकत नव्हते. पलटणीत कुणीतरी लिहिता येणारा असायचा, तो दुसऱ्यांची पत्रं लिहून द्यायचा. गावाकडे पत्र आलं की मास्तर, कुलकर्णी किंवा खुद्द पोस्टमन ते मोठ्याने वाचून दाखवायचा. म्हणजे नवरा-बायकोतलं पत्रसुद्धा निदान दोन परक्या माणसांच्या तोंडून जायचं. त्यात तिसरा सेन्सॉर. आपण एंड-टू-एंड एन्क्रिप्शनवर वाद घालणारी पिढी. तिथे दोन्ही टोकं उघडी होती आणि मधलंही.

फ्रान्समधल्या हिंदी पत्रांचं सेन्सॉरिंग कसं चालायचं याची चांगली नोंद आहे. ई. बी. होवेल नावाचा आय. सी. एस. अधिकारी बूलोन्यमध्ये या कामाचा प्रमुख होता. १९१५ च्या सुरुवातीला फ्रान्समधले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. मूठभर माणसांनी ती चाळायची, काही निवडायची, इंग्रजीत उतारे करायचे आणि लंडनला अहवाल पाठवायचे. सरकारला जाणून घ्यायचं होतं की हे लोक खचले आहेत का, बंडाची भाषा करतायत का. शिपायांनाही कळत होतं की पत्र वाचलं जातं. मग ते कोड्यात लिहू लागले. काळी मिरी आणि लाल मिरची हा त्यांतला सगळ्यात गाजलेला प्रकार: काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, असं लिहिलं की घरच्यांना कळायचं. होवेललाही कळायचं, तो भाग वेगळा.

या अहवालांतले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतून निवडलेली पत्रं १९९९ मध्ये पुस्तकरूपात आणली. हिंदी शिपायाचा पहिल्या महायुद्धातला आवाज म्हणून जगात जे काही उद्धृत होतं, त्याचा मोठा भाग इथून येतो. पण हे मूळ कागद नव्हेत. कुणीतरी सांगितलेलं, दुसऱ्याने लिहिलेलं, तिसऱ्याने निवडलेलं आणि इंग्रजीत फिरवलेलं ते बोलणं आहे. मूळ पत्र पुढे गावाला गेलं किंवा अडवलं गेलं. त्या उताऱ्यांत आवाज ऐकू येतात ते जास्त करून पंजाबचे, पठाणांचे, गढवालचे, कारण फ्रान्समध्ये तेच जास्त होते. हेरगिरीसाठी उघडलेली पत्रं राहिली, सरळ पोचलेली हरवली. विचित्र आहे, पण बॅकअप घेणारा माणूस हेर निघाला तरी बॅकअप तो बॅकअप.

मराठा पलटणींच्या पत्रांबाबत आणखी एक अडचण आहे. १९१४ च्या मराठी माणसाचं हातचं लिखाण बहुतेक वेळा मोडीत. छापील पुस्तक देवनागरीत, पण हिशेब, कागदपत्रं, चिठ्ठी मोडीत, एका दमात, लेखणी न उचलता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून आणि व्यवहारातून गेली. म्हणजे पणजोबांचं पत्र आज ट्रंकेत सापडलंच, तर पणतवाला ते मराठी आहे एवढंही ओळखता येईल की नाही, शंका आहे.

फोर्स डीकडे परत येऊ. १९१५ मध्ये सगळं फार सोपं चाललं होतं. एप्रिलमध्ये शैबाची लढाई, जूनमध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कुट. जनरल टाउनशेंडच्या डिव्हिजनला बगदाद दिसू लागलं. टपालाची साखळीही नदीच्या उलट्या दिशेने लांब लांब होत गेली. नोव्हेंबरात टेसिफोनला तुर्कांनी अडवलं, फौज मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ ला कुटला वेढा पडला. कुट म्हणजे टायग्रिसच्या वळणात अडकलेलं छोटंसं गाव, तीन बाजूंनी नदी. आत वर सांगितलेल्या तिन्ही मराठा पलटणी. डिव्हिजनसोबतचं फील्ड पोस्टही आतच.

जवळजवळ पाच महिने नेहमीची टपालाची ये-जा बंद. बाहेर जाणारा भरवशाचा मार्ग एकच, बिनतारी संदेश, आणि तो लष्करी कामासाठी. त्यावरून काय काय गेलं पहा: अन्न संपत आलं, घोडे मारून खायची वेळ आली, पण बऱ्याच हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला, तेव्हा हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवणारे निरोप बिनतारीने गेले आणि परवानगी आलीही. एखाद्या बायकोला आपला नवरा जिवंत आहे हे कळवायला मात्र त्या तारेवर जागा नव्हती. एप्रिलमध्ये विमानांनी वरून पिठाच्या गोण्या टाकायला सुरुवात केली. दळायला जात्याचे दगडही टाकले. काही टन माल पडला, त्यातला काही नदीत, काही तुर्कांच्या हद्दीत. सुटकेसाठी बाहेरून आलेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले किंवा जखमी झाले. सुटका झाली नाही. शेवटी पैसे देऊन सोडवायचाही प्रयत्न झाला, आणि ते बोलणं करायला गेलेल्यांत पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स होता. तुर्कांनी नकार दिला.

२९ एप्रिल १९१६ ला कुट शरण गेलं. सुमारे १३,००० माणसं कैदी झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर चांगल्या घरात ठेवलं. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं. साध्या शिपायांना उन्हाळ्यात शेकडो मैल चालवत वर नेलं, मोसुलमार्गे रास-अल-ऐनकडे, आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. उपासमार, हगवण, उष्माघात. हजारो परत आले नाहीत.

युद्धकैद्यांच्या पत्रांबद्दल १९०७ च्या हेगच्या नियमांत एक कलम आहे: कैद्यांनी पाठवलेल्या आणि कैद्यांना आलेल्या टपालाला कोणतंही टपालशुल्क नाही. नियम चांगला आहे. म्हणजे मराठा शिपाई लढत होता तेव्हाही त्याचं पत्र बिनतिकिटाचं आणि कैदेत गेला तेव्हाही बिनतिकिटाचंच. आता ते रेड क्रॉस, रेड क्रेसंट, दोन-तीन सेन्सॉर असं फिरत महिनोन्‌महिन्यांनी पोचणार. तेही लिहून देणारा साथीदार जिवंत असला तर.

तिकिटांचं मात्र याच काळात छान चाललं होतं. ११ मार्च १९१७ ला ब्रिटिश-हिंदी फौजेने बगदाद घेतलं. तिथे तुर्की तिकिटांचा साठा हाती लागला. त्यावर 'बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन' असं आणि किंमत आण्यांत छापून ती सप्टेंबरात विकायला काढली. संख्या थोडी, त्यामुळे आज या तिकिटांना प्रचंड भाव आहे, आणि बनावट प्रतीही तशाच. पुढच्या वर्षी 'इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन' आलं. त्यातली खरी गोम अशी: युद्धाआधी तुर्कस्थानने आपली नवी चित्रमय तिकिटं छापून घेतली होती लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीकडून. मग युद्धात ब्रिटिशांनी काय केलं, तर त्याच कंपनीकडून शत्रूचीच तिकिटं पुन्हा छापून घेतली आणि वर 'आमचा ताबा' असा ओव्हरप्रिंट मारला. इस्तंबूलची दृश्यं, सुलतानाचं नाव, खाली आणे आणि रुपये. जिंकलेल्या देशात किंमत कशात मोजली जात होती हे लक्षात घ्या. लंडनचे पौंड-शिलिंग नव्हते ते, मुंबई-कलकत्त्याचं चलन होतं. माणसं आपली, खर्चाचं चलन आपलं, राज्य त्यांचं.

सगळ्यात कळस मोसुलचा. १९१९ च्या सुरुवातीला तिथे तिकिटं कमी पडली, तेव्हा तुर्कांची महसुली तिकिटं, म्हणजे दस्तऐवजांना लावायची, घेऊन त्यावर छापलं: 'पोस्टेज, आय. ई. एफ. डी', आणि किंमत आण्यांत. पुणे डिव्हिजन ज्या फौजेतून लढली तिचं नाव एखाद्या तिकिटावर अक्षरासकट आलं ते हे. ज्या रस्त्याने कुटचे कैदी तीन वर्षांपूर्वी चालत गेले, त्या रस्त्यावरच्या शहरात.

या ओव्हरप्रिंटची परंपरा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. १९५३ मध्ये कोरियाचं युद्ध थांबलं तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी दोन्ही बाजूंच्या मधे लटकले. त्यांना सांभाळायला भारताने हजारो सैनिक पाठवले. प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्यांना थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवलं. त्यांच्या छावणीचं नाव हिंद नगर. तिथल्या टपालासाठी भारतीय तिकिटांवर छापलं होतं 'भारतीय संरक्षा कटक कोरिया'. देवनागरीत. कटक म्हणजे सैन्य, जुन्या मराठीतही हा शब्द आहे. त्या बारा तिकिटांत सगळ्यात स्वस्त तीन पैचं, त्यावर अजिंठ्याचा हत्ती. नऊ पैच्या तिकिटावर घारापुरीची त्रिमूर्ती. राजाचं तोंड गेलं, इंग्रजी अक्षरं गेली. काम होतं कुणाला न मारण्याचं. मला हा संच फार आवडतो आणि तो अजून मला मिळालेला नाही, म्हणून एवढंच लिहून थांबतो.

कारण हिशेब राहिलाय तो फोर्स डीच्या माणसांचा. बसऱ्याला एक स्मारक आहे, १९२९ साली उभारलेलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि त्याखाली संख्या. अमुक पलटण, इतके शिपाई. पुढे १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत हे अख्खं स्मारक उचलून बसऱ्याबाहेर वाळवंटात नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन बसवलं. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांना नाव देण्यात भेदभाव झाला, आणि माफी मागितली.

आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी टेबलातल्या सगळ्या रांगा पुसल्या आणि फक्त बेरीज ठेवली. बेरजेवरून रांगा परत मिळत नाहीत. सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके मेले. तिथेही आकडाच. पलटणीच्या कागदांत, पेन्शनच्या नोंदींत काही नावं आहेत, पण त्या माणसाला काय वाटत होतं, वैरण पुरली का हे त्याने विचारलं होतं का, पोराचं नाव काय ठेवायला सांगितलं होतं, हे फक्त त्या बिनतिकिटाच्या कागदावर असणार.

म्हणून ओळखायचं कसं ते लिहून ठेवतो. गावाकडच्या घरात पत्र्याची ट्रंक असेल, फडताळात दोऱ्याने बांधलेले कागद असतील, तर त्यात एक लिफाफा किंवा कार्ड असं शोधा ज्यावर तिकीट नाही आणि तिकीट निघाल्याची खूणही नाही. कोपऱ्यात इंग्रजीत 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' किंवा नुसतं 'ओ. ए. एस.' असेल. शिक्क्यात गावाचं नाव नसेल, 'फील्ड पोस्ट ऑफिस' किंवा 'एफ. पी. ओ.' आणि एक नंबर असेल, सोबत तारीख. दुसरा एखादा शिक्का सेन्सॉरचा. आतला मजकूर सलग वेटोळ्यांसारखा दिसला आणि वर शिरोरेघ आधीच ओढलेली असली, तर ती मोडी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात, पुराभिलेख खात्यातर्फेही चालतात. वाचून देणारी माणसं सापडतात.

कागद घडीवर तुटत असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. लॅमिनेशन अजिबात नको. सेलोटेप तर नकोच. फोनने दोन्ही बाजूंचे फोटो काढा, फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात. लिफाफ्याचेही काढा, कारण नंबर आणि तारीख त्यावरच असते. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की बसऱ्याला कोण गेलं होतं. बऱ्याच घरांत पहिल्या महायुद्धाला 'बसऱ्याची लढाई' असंच म्हणत.